नामदार नाना शंकरशेट



सकाळीं सहाच्या सुमारास जो कोणी आपल्या स्टेशनाच्या पुलावर उभा राहील, त्यास गांवाचें अर्धें वर्तमान तेथेंच कळून येईल. पूर्वेकडून कुळगांवचे व पश्चिमेकडून बदलापूर गांवाकडचे लोक लगबगीनें येतात आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यांत दाटीवाटीनें उभे राहतात. कोणाचे वडील, कोणाची आई, कोणाचा थोरला भाऊ त्या गाडींत असतो. दिवेलागणीनंतर तीं सर्व माणसें त्याच रुळांवरून परत येतात. गांवांतील निम्म्याहून अधिक चुली ह्या रुळांच्या आधारावर पेटतात, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तथापि हा लोहमार्ग येथें कोणीं आणिला, असा प्रश्न वर्गांत विचारला असतां सर्व मुलांनीं एकमुखानें सांगितलें कीं, इंग्रजांनीं आणिला. उत्तर चुकीचें नव्हतें, पण अपुरें होतें. तें पुरें करावें एवढ्याच हेतूनें एका मोठ्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगत आहे.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, ज्यांस सारी मुंबई नाना ह्या नांवानें ओळखीत असे, यांचा जन्म ता. १० फेब्रुवारी १८०३ रोजीं मुरबाड येथें झाला. मुरबाड आपणांस परकें नाहीं. बारवी धरणाच्या अंगानें गेलें म्हणजे तें गांव लागतें आणि आपल्या बाजारांत तिकडचा भाजीपाला येतो. घराणें दैवज्ञ ब्राह्मणाचें व व्यापारी होतें आणि नानांच्या जन्मापूर्वींच मुंबईंत येऊन चांगलें स्थिरावलें होतें. वडील शंकरशेट यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हैसूरच्या लढाईच्या धामधुमींत, व्यापारांत मोठी संपत्ति मिळविली. आई नाना लहान असतांनाच वारली. १८२२ सालीं वडीलही गेले. एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या हातीं एवढी दौलत एकाएकीं आली असतां तिचें काय होतें, ह्याचीं उदाहरणें मुंबईंत त्या काळीं थोडीं नव्हतीं. नानांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. उलट त्यांच्या सचोटीची ख्याति अशी पसरली कीं, अरब, अफगाण इत्यादि परदेशचे व्यापारी आपली ठेव पेढीवर ठेवण्यापेक्षां नानांच्या वाड्यांत ठेवणें अधिक निर्धास्त समजत. पुढें त्यांनीं सार्वजनिक कामांत जें वजन मिळविलें, त्याचें मूळ ह्या विश्वासांत आहे.

आतां त्या वेळची मुंबई कशी होती, हें थोडें डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. नाहींतर नानांच्या कामाचें महत्त्व कळावयाचें नाहीं. शहराचे दोन भाग होते. एक कोटांतला, भोंवतीं दगडी तट व खंदक असलेला. दुसरा कोटाबाहेरचा, दाट वस्तीचा, अरुंद गल्ल्यांचा. पिण्याचें पाणी विहिरींचें व तळ्यांचें. त्यांतलीं पुष्कळ तळीं उन्हाळ्यांत आटत आणि पावसाळ्यांत घाण होत. विहारचें पाणी नळानें शहरांत आलें तें १८६० च्या सुमारास; तोंवर प्रत्येक कोरड्या वर्षीं लोकांची तारांबळ उडत असे. पटकीची सांथ तर जणुं वर्षासनाचीच पाहुणी होती. वांद्र्याहून माहीमास येण्यास पूल नव्हता. खाडींत होड्या उलटून माणसें बुडत. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये पदरचे देऊन १८४५ सालीं तेथील रस्ता पुरा करविला. मोठा रस्ता अथवा पूल हवा असेल, तर कोणा श्रीमंताच्या मनांत दया उपजण्याची वाट पाहावी, अशी एकंदर स्थिति होती.

नगरपालिका म्हणून आज आपण जें ओळखतों, तें त्या वेळीं नव्हतें. रस्ते झाडविणें, गटारें काढणें, घरपट्टी बसविणें हीं कामें 'जस्टिस ऑफ दि पीस' ह्या नांवानें सरकारनें नेमलेल्या गृहस्थांच्या मंडळाकडे असत. लोक त्यांस जे. पी. म्हणत. हा मान बराच काळ गोऱ्या लोकांपुरताच राखलेला होता. कायदा बदलल्यावर १८३४ सालीं प्रथमच कांहीं हिंदी गृहस्थांस जे. पी. नेमण्यांत आलें, आणि त्यांत नाना होते. त्या वेळीं त्यांचें वय एकतीस वर्षांचें होतें. ह्या मंडळींतूनच पुढें १८४५ च्या कायद्यानें सात जणांची एक आरोग्यसमिति, म्हणजे कॉन्झर्व्हन्सी बोर्ड, झाली. तींत तीन जागा हिंदी जे. पीं.ना मिळाल्या. सातांपैकीं तीन! आज हा आंकडा वाचून आपणांस हंसूं येईल. परंतु आपल्या गांवचीं गटारें कोठून जावीं व पट्टी कोणावर किती बसावी, हें ठरवितांना गांवचा मनुष्य त्या खोलींत बसलेला असावा, ही गोष्ट मुंबईंत प्रथम अशा लहान आंकड्यांनींच मान्य झाली. अर्थात् हे तिघेही लोकांनीं निवडलेले नव्हते. ते सरकारनें नेमलेले धनिक होते. घरमालकाचें म्हणणें तेथें ऐकलें जाई. भाडेकऱ्याचें किंवा हमालाचें म्हणणें सांगणारें तेथें कोणी नव्हतें. नानांविषयीं कितीही आदर असला तरी ही उणीव झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

आतां लोहमार्गाकडे वळूं.

मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे १८४३ सालीं भांडुपास गेले असतां मुंबईहून कुर्ला, ठाणें, कल्याण व पुढें थळ आणि बोर घाटांकडे लोखंडी रस्ता न्यावा, अशी कल्पना त्यांस सुचली. कल्पना कागदावर सोपी होती. पैसा कोण घालणार, हा खरा प्रश्न होता. जी वस्तु ह्या देशांत कोणीं डोळ्यांनीं पाहिली नव्हती, तींत लाखों रुपये गुंतवावयाचे, हें व्यापाऱ्याच्या स्वभावाविरुद्ध होतें. अशा वेळीं १८४५ सालीं सर जमशेटजी व नाना यांनीं पुढाकार घेऊन मुंबईंत रेल्वेसाठीं एक मंडळ उभारिलें. तेंच पुढें लंडनांत स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनींत सामील झालें. कंपनीचा कायदा पार्लमेंटांत १८४९ सालीं पसार झाला. तिच्या संचालकांत हिंदी म्हणून जमशेटजी व नाना या दोघांचींच नांवें सांगितलीं जातात. पेढीवर विश्वास नसलेले लोक ज्याच्या वाड्यांत ठेव ठेवीत, त्याचें नांव कंपनीच्या कागदावर असणें ह्याची किंमत विलायतेंतल्या भांडवलवाल्यांसही कळत होती.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. कंपनीनें हा उद्योग केवळ आपल्या सोयीसाठीं केला, असें कोणी समजूं नये. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरावर लवकर पोंचावा व तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांस जावा, ही मोठी ओढ होती. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीनें भागीदारांस शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी दिली होती. फायदा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या करांतून, भरून यावयाची. धोका रयतेचा आणि खात्रीचें व्याज भागीदाराचें, असा हा करार होता. वरच्या इयत्तांतील मुलांनीं व्याजाचीं उदाहरणें सोडवितांना ह्या करारावर थोडा विचार करून पाहावा. आजही मोठा पूल, मोठा रस्ता अगर नवी गाडी येते, तेव्हां तोटा झाल्यास तो कोणाच्या माथीं, हा प्रश्न जुनाच असतो.

ता. ३१ ऑक्टोबर १८५० रोजीं कामास आरंभ झाला. जेम्स बर्कले नांवाचे हुशार व मायाळू इंजिनियर मुख्य होते. अडीच वर्षांनीं, ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित, आणि पुढें साहिब, सिंध व सुलतान अशा नांवांचीं तीन इंजिनें. एकवीस तोफांची सलामी झाली. अंतर एकवीस मैलांचें होतें. गंमत अशी कीं, गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड आदल्या दिवशींच मुंबई सोडून गेले होते. लेडी फॉकलंड मात्र गाडींत होत्या. निमंत्रितांत नाना होते, आणि तो दिवस त्यांच्या आयुष्यांतील धन्यतेचा असला पाहिजे. रस्त्याच्या दुतर्फा, घरांच्या छपरांवर व झाडांवर माणसें चढून बसलीं होतीं. बैल-घोड्यांवांचून गाडी चालते हें पाहून कोणी हात जोडीत, कोणी नारळ फोडीत. पुलाच्या पायांत मुलें पुरतात, अशाही कंड्या त्या काळीं उठत, आणि भोळ्या आया आपल्या लेकरांस घराबाहेर सोडीत नसत. पण लवकरच त्याच आया तिकिटें काढून गाडींत बसूं लागल्या. त्या काळच्या मुंबईचें चित्र पाहण्याची ज्यांस इच्छा असेल, त्यांनीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ सालीं प्रसिद्ध झालेलें 'मुंबईचें वर्णन' हें पुस्तक अवश्य वाचावें.

ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून व पारसिकच्या डोंगरांतून बोगदा काढून ता. १ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणास आली. तेथून एक फांटा उत्तरेकडे कसाऱ्याच्या दिशेनें निघाला. दुसरा आपला. ता. १२ मे १८५६ रोजीं कल्याणापासून पळसदरीपर्यंत व तेथून खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. म्हणजे अंबरनाथाचें शके ९८२ मधील शिवालय एका अंगास टाकून, उल्हास नदीच्या कांठाकांठानें, बदलापूर-कुळगांवच्या भातखाचरांतून जेव्हां पहिलें इंजिन गेलें, तेव्हां मुंबईंत पहिली गाडी सुटून पुरीं सवा तीन वर्षेंही झालीं नव्हतीं. त्या वेळीं उल्हासनगर हें नांवही नव्हतें. तें निर्वासित सिंधी बांधवांच्या वसाहतीस १९४९ सालीं मिळालें. बदलापूर हें पूर्वीं घोडे बदलण्याचें ठिकाण होतें, म्हणून त्यास तें नांव पडलें, असें वडील माणसें सांगतात. तें खरें असेल तर घोडे बदलण्याच्या गांवाचा घोडा ह्या दिवशीं कायमचाच बदलला.

पुण्यास जाणाऱ्यांची यातायात मात्र तेवढ्यानें संपली नाहीं. खंडाळ्याहून पुण्यास गाडी १८५८ सालीं सुरू झाली. पण खोपोली व खंडाळा यांच्या मध्यें बोरघाट उभा होता. उतारूंनीं खोपोलीस उतरावें, पालखींत, तट्टावर अगर पायीं घाट चढावा, आणि वर दुसरी गाडी धरावी. घाटाचें काम सात वर्षें चाललें. पंचवीस बोगदे व आठ मोठे पूल बांधावे लागले. चढ कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतका कठीण होता. १८६१ सालीं कामावरील मजुरांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचे कंत्राटदार १८५९ सालीं येथें येऊन थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं तें कंत्राट पार पाडलें. बर्कलेही घाट पुरा झालेला पाहण्यापूर्वींच १८६२ सालीं निवर्तले. ह्या दोघा-तिघांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. पटकीनें व अपघातांनीं जे हजारों बिगारी त्या दऱ्यांत पडले, त्यांचीं नांवें कोणत्याही फलकावर नाहींत. तुम्ही सुट्टींत पुण्यास आजोळीं जातां, तेव्हां बोगद्यांत शिरतांना आरडाओरड करतां. करावी, तें वयच तसें आहे. पण त्यांतला एखादा बोगदा मुकाट्यानें पाहावा. ता. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाट खुला झाला.

नदीच्या कांठानें मार्ग नेला म्हणजे पुराची जोखीम त्याच्याबरोबर येते. ता. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या मध्यें महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरांत अडकून पडली, आणि शेंकडों उतारूंस होड्यांतून बाहेर काढावें लागलें, हें येथील प्रत्येक घरास स्मरत असेल. रूळ, गटार, नदी आणि घरें हीं एकमेकांपासून वेगळीं धरून गांवाची आंखणी करतां येत नाहीं. आपल्या कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेपुढें जें काम आहे, तें ह्याच जातीचें आहे.

नाना लोहमार्गाएवढेच, किंबहुना त्याहून अधिक, शाळांत गुंतलेले होते. १८२२ सालीं मुंबईंत जी शाळापुस्तक मंडळी निघाली व जिला पुढें नेटिव एज्युकेशन सोसायटी असें नांव मिळालें, तिचे ते आधारस्तंभ होते. गव्हर्नर एल्फिन्स्टन १८२७ सालीं विलायतेस निघाले तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ अध्यापक नेमण्यासाठीं लोकांनीं दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्या खटपटींतही नाना अग्रभागीं होते. त्याच निधींतून एल्फिन्स्टन कॉलेज उभें राहिलें. १८४० सालीं सरकारनें बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलें. त्यांत नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा असे तीन हिंदी सभासद आले.

ह्या बोर्डांत एक मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश व विद्वान गृहस्थ होते. थोड्याच लोकांस, परंतु इंग्रजींतून उत्तम शिक्षण द्यावें, असें त्यांचें मत पडलें. नानांचें मत उलट होतें. ज्या भाषेंत मूल आईशीं बोलतें, त्या भाषेंतून शिक्षण दिलें तरच तें कोट्यवधि लोकांपर्यंत पोंचेल. मूठभर इंग्रजी शिकलेल्यांकडून तें खालीं झिरपेल ही आशा फोल आहे, असें त्यांनीं १८४७ सालीं लेखी मांडलें. फ्रामजी, मकबा व कर्नल जर्व्हिस हे त्यांच्या बाजूस होते. ज्याचा सारा व्यवहार इंग्रजांशीं, ज्याचें सरकारदरबारीं वजन, त्या मनुष्यानें अध्यक्षास तोंडावर विरोध करावा, हें सोपें नव्हतें. अखेर सरकारनें मधला मार्ग काढला : प्राथमिक शिक्षण देशी भाषेंत व वरचें इंग्रजींत. आमच्या शाळेच्या वार्षिकांत मराठी विभाग आहे, आणि पालक तो वाचूं शकतात. ह्याच्या मुळाशीं त्या वादाचा थोडा अंश आहेच.

मुलींच्या शिक्षणाविषयीं लिहितांना न्यायानें एवढें सांगावें लागेल कीं, मुंबईंत मुलींची शाळा अमेरिकन मराठी मिशननें १८२४ सालींच काढली होती. परंतु अशा शाळांत मुली पाठविण्यास पुष्कळ हिंदु कुटुंबें धजत नसत. एल्फिन्स्टन कॉलेजांतील प्रोफेसर व विद्यार्थी यांनीं १८४८ सालीं एक सभा स्थापिली, आणि तिच्या तरुण सभासदांनीं स्वतः बिनपगारी शिकवून मुलींच्या शाळा सुरू केल्या. जागा कोण देणार? नानांनीं आपल्या गिरगांवच्या वाड्यांत जागा दिली. जातींतले लोक रागावले, टीका झाली. पण शेटजींच्या वाड्यांत मुली जातात म्हटल्यावर उघड निंदा करण्याची पुष्कळांची छाती होईना. पुढें त्या शाळेस त्यांचेंच नांव मिळालें. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं उघडलें, मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. दोहोंच्याही कामीं त्यांचा हात होता आणि विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांचें नांव आहे. ग्रँट रोडवर १८४६ सालीं जें नाटकगृह झालें, त्यासही जमीन त्यांनींच दिली. आणि १८५३ सालीं विष्णुदास भावे यांच्या मंडळीनें त्याच नाटकगृहांत मराठी नाटकाचा प्रयोग केला.

ता. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेंत मुंबईच्या पुढाऱ्यांची सभा भरून 'बॉम्बे असोसिएशन' ही संस्था निघाली. अध्यक्ष नाना, कामकर्‍यांत डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नवरोजी, नवरोजी फरदुनजी यांसारखे तरुण. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती, तेव्हां पार्लमेंटाकडे ह्या संस्थेनें अर्ज धाडिला आणि राज्यकारभारांत येथील लोकांस जागा असावी अशी मागणी केली. काँग्रेसचा जन्म व्हावयास अद्याप तेहेतीस वर्षें होतीं.

जो इतका मोठा होतो, त्याच्यावर संशयही तितकाच मोठा येतो. १८५७ सालीं उत्तरेकडे बंडाचा वणवा पेटला. मुंबईंतही धास्ती पसरली. ऑक्टोबरांत दोघां शिपायांस एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. त्या दिवसांत नानांचें बंडवाल्यांशीं संधान आहे, असा आरोप कांहीं लोकांनीं केला. वीसांहून अधिक वर्षें ज्यानें सरकारच्या मंडळांत बसून काम केलें, ज्याच्या शब्दावर लोक ठेवी ठेवीत, त्याच्या घरावर आतां पाळत बसली. एका पुराव्यानें सारें धुळीस मिळालें असतें. आणि त्या काळीं पुरावा फार कसून पाहण्याची रीत नव्हती. सुदैवानें शहराच्या पोलिसांचे मुख्य चार्ल्स फॉरजेट हे शहाणे गृहस्थ होते. त्यांनीं स्वतः शोध केला आणि आरोपांत तथ्य नाहीं असें ठरविलें. नाना निर्दोष सुटले. त्यांनीं सार्वजनिक काम सोडलें नाहीं, हें मला त्यांच्या सर्व देणग्यांहून अधिक वाटतें. अपमान झाल्यावर घरीं बसणारीं चांगलीं माणसें आपण गांवोगांव पाहतों.

सोनापूरची हकीकतही सांगण्यासारखी आहे. मरीन लाइन्सकडील सोनापूर येथें हिंदूंचें स्मशान होतें. शहर वाढत चाललें, वस्ती जवळ आली, तेव्हां स्मशान तेथून उठवून शिवडीस न्यावें, असा सरकारचा बेत झाला. आरोग्याच्या दृष्टीनें बेत अगदींच निराधार नव्हता. पण गिरगांव-भुलेश्वरच्या गरीब मनुष्यानें आपल्या माणसाचें प्रेत खांद्यावर घेऊन, पावसापाण्यांतून शिवडीपर्यंत चालावें कसें, ह्याचा विचार नकाशा काढणाऱ्यानें केला नव्हता. नानांनीं तो विचार सरकारपुढें नेटानें मांडला व स्मशान सोनापुरासच राहिलें. नगरसुधारणा म्हणजे केवळ रुंद रस्ते नव्हेत. एखादी रेघ नकाशावर ओढली कीं ती कोणाच्या तरी दारावरून जाते. त्या दाराआंतला मनुष्य गरीब असेल, तर त्याच्या वतीनें बोलणारा कोणी असावा लागतो.

१८६२ पासून मुंबईचें रूपच पालटूं लागलें. सर बार्टल फ्रियर यांनीं कोटाचे तट पाडण्यास घेतले, आणि त्या जागीं आज आपण पाहतों ते मोकळे रस्ते व भव्य इमारती उभ्या राहण्यास वाट झाली. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८६१ च्या कायद्यान्वयें जें मुंबईचें कायदेकौन्सिल १८६२ सालीं भरलें, त्यांत नानांची नेमणूक झाली व ते नामदार झाले. त्याच वर्षीं ता. १९ नोव्हेंबर रोजीं राणीच्या बागेंत पदार्थसंग्रहालयाचा पाया घालण्यांत आला. त्या समितीचे अध्यक्ष नाना होते, चिटणीस डॉ. बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी. हें संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें आणि १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे.

१८६५ साल मुंबईस फार वाईट गेलें. अमेरिकेंतील युद्ध थांबलें, कापसाचा भाव कोसळला, आणि जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस कागदी कंपन्यांचे मनोरे ढांसळून पडले. काल जे लक्षाधीश होते ते आज दिवाळखोर ठरले. त्याच वर्षीं नव्या कायद्यानें जे. पीं.च्या मंडळास नगरसंस्थेचें रूप मिळून आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनीं शहर झपाट्यानें सुधारिलें, पण खर्च इतका बेसुमार केला कीं करदाते चवताळून उठले. त्या चळवळींतून १८७२ चा कायदा आला : चौसष्ट सभासदांची महानगरपालिका, त्यांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडलेले. पुढें १८८८ चा कायदा फिरोजशहा मेहता यांच्या परिश्रमानें झाला. १८३४ सालीं ज्या खोलीचें दार नानांसाठीं किलकिलें झालें होतें, तें ह्याप्रमाणें हळूहळू उघडत गेलें.

नानांनीं मात्र हें पाहिलें नाहीं. ता. ३१ जुलै १८६५ रोजीं, त्या दुर्दैवी महिन्याच्या अखेरच्या दिवशीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलांत, एशियाटिक सोसायटीच्या जागेंत, आहे. गिरगांवच्या रस्त्यास व ग्रँट रोडजवळील चौकास त्यांचें नांव आहे. आणि मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळूं लागली. चिंतामणराव देशमुख यांनीं ती १९१२ सालीं मिळविली होती. कोणास ती मिळाली म्हणजे घरांत वर्षानुवर्षें तिची गोष्ट सांगितली जात असे.

गेल्या हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस घेऊन आम्ही टाऊन हॉल पाहण्यास गेलों होतों. पुतळ्यापुढें उभे असतां एका मुलानें विचारलें कीं, सर, ह्यांच्या गांवास गाडी कधीं गेली? मी थोडा वेळ गप्प राहिलों. कल्याण-मुरबाड लोहमार्गाची मागणी कैक वर्षांची आहे. हें लिहीत असेपर्यंत त्यावरून गाडी धांवलेली नाहीं. ज्या पुरुषानें आगगाडी ह्या देशांत आणण्यास हात लाविला, त्याच्या जन्मगांवीं जावयाचें तर आजही कल्याणास उतरून पुढें एस. टी. धरावी लागते.